सिलोसच्या मठातील स्वर

नाताळच्या गीतांच्या सरावाला आलेल्या एका तरुणाने मोबाइलवर ग्रेगोरियन गायन लावले, तेव्हा मी चकित झालो, थोडा ओशाळलोही. सेमिनरीत हे गायन मी थोडेफार शिकलो होतो. पुढे धर्मग्रामात आल्यावर, ‘तरुणांना हे रुचणार नाही’ असे ठरवून मी की-बोर्डची बाजू घेतली. तरुणांना मात्र विचारले नव्हते.

ते गायन होते स्पेनमधील सान्तो दोमिंगो दे सिलोस येथील बेनेडिक्टाइन मठवासीयांचे. ‘चांट’ या नावाने ते १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गंमत अशी, की मूळ ध्वनिमुद्रणे कित्येक वर्षे आधीच झालेली होती. बाजारासाठी मठवासीयांनी नवे काहीच गायिले नव्हते.

या यशाचे श्रेय सामान्यतः ‘मनःशांती’ला दिले जाते. मला ते उत्तर अपुरे वाटते. शांत झोप तर पंख्याच्या घरघरीतही लागते! त्यापेक्षा या संग्रहातील ‘पुएर नातुस’ हे नाताळच्या दिवसाच्या मिस्सेचे प्रवेशगीत लक्षपूर्वक ऐकावे. आरंभीच स्वर षड्जावरून थेट पंचमावर झेपावतो. तंबोरा ऐकलेल्या आपल्या कानांना ही झेप परकी नाही. पण पुढे ठेका नाही, वाद्य नाही. एकच स्वररेषा, शब्दांच्या आणि श्वासाच्या मापाने चाललेली. एखाद्या अक्षरावर स्वर रेंगाळतो, तोही कौशल्य दाखविण्यासाठी नव्हे. मुख्य म्हणजे हे गायन श्रोत्याकडे पाहतच नाही. आजच्या तरुणाच्या कानी दिवसभर जे पडते ते बहुतेक त्यालाच उद्देशून असते : ऐक, पसंत कर, विकत घे. येथे कोणी त्याची मनधरणी करीत नाही. दुसऱ्याच कोणासाठी चाललेल्या गायनाजवळ तो निवांत उभा राहू शकतो. ओढ आहे ती या मोकळिकीची.

संग्रहात उणीवही आहे. उपासनेतून सुटी केलेली ही गीते सणांचा क्रम सोडून एकामागून एक येतात, आणि शब्द न कळता ऐकणाऱ्याच्या हातून यशयाचे भविष्यकथन निसटते.

हेच मी त्या तरुणाला सांगितले. तो म्हणाला, “फादर, इंग्रजी गाण्यांतले तरी आम्हांला सगळे कुठे कळते? अर्थ तुम्ही सांगा ना!” १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने या गायनाला अग्रस्थान दिले आहे, हे मला ठाऊक असून मी गप्प राहिलो होतो.

यंदा ते प्रवेशगीत बसवीत आहोत. पंचम अजून थोडा उतरतो.