वारसा की रियाझ? एका कॅनेडियन पाइप बँडच्या निमित्ताने

प्लेटोनं अनुकरणाला सत्यापासून लांब ठेवलं, आणि वर्गात आम्हीही वर्षानुवर्षं तेच शिकवत आलो. आज स्वतःचीच थोडी उलटतपासणी करायची आहे. साक्षीदार आहे ऑन्टारिओतला ‘सेव्हन्टी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स’ हा पाइप बँड.

हे नाव एका पलटणीचं. १७५७ साली स्कॉटलंडमध्ये ती उभी राहिली, १७५९ला क्वेबेकला लढली, १७६३ला मोडली. तिचे काही शिपाई कॅनडातच राहिले. आजचा बँड मात्र लष्करी नाही, हौशी वादकांचा आहे. १९८७ मध्ये बिल लिव्हिंगस्टन पाइप मेजर असताना त्यानं ग्लासगोत पहिल्या श्रेणीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. अटलांटिकपलीकडून येऊन ते मिळवणारा हा पहिला बँड.

लोक म्हणतील, उत्तम नक्कल केली. इथेच आमचा आक्षेप आहे.

वाद्य कसं आहे पाहा. सुरावटीला नऊच स्वर. पिशवीतली हवा रीडांवर अखंड दाबलेली, त्यामुळे वाजवता वाजवता विराम घेता येत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये क्षणभराचा दुसरा स्वर टोचावा लागतो. हे बोटांत बसायला वर्षं लागतात. आणि ग्लासगोत जन्मलेल्या मुलालाही सुरुवात पिशवीशिवायच्या सरावाच्या नळीवरच करावी लागते. म्हणजे परंपरा त्यालाही आयती मिळत नाही. मग नक्कल नेमकी कोणाची?

आता त्याच वर्षीचं या बँडचं ‘लाइव्ह इन आयर्लंड’ हे ध्वनिमुद्रण ऐका. त्यात डॉन थॉम्पसन यांची ‘जर्नी टू स्काय’ ही दीर्घ रचना आहे. स्पर्धेच्या रिंगणात एवढा विस्तार मावत नाही, तिथे ठरलेल्या वेळेत परीक्षकांना पटवायचं असतं. इथे पाइपांचे स्वर एकमेकांपासून फुटतात, संवादी सुरावटी उभ्या राहतात, आणि खाली ड्रोन मात्र आपल्या तंबोऱ्यासारखा जागचा हलत नाही. काही ठिकाणी हा विस्तार जरा नाटकी होतो, हेही सांगितलं पाहिजे. परिणामासाठी रचना थांबल्यासारखी वाटते. पण नुसती नक्कल करणाऱ्याला अशी चूक करता येत नाही. ती करायला वाद्य आपलं वाटावं लागतं.

दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, हे महत्त्वाचं. शिस्त इतकी मुरली होती की ग्लासगोत नियमात राहून जिंकता आलं आणि आयर्लंडमध्ये नियम सैल करता आले. नियम न शिकताच मोडणाऱ्याला आपण प्रयोगशील म्हणतो, आणि बाहेरून येऊन नियम शिकणाऱ्याला नकलाकार. दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

तेव्हा आमचं जुनं वाक्य आम्ही दुरुस्त करतो. अनुकरण हा परंपरेचा उंबरठा आहे. तो ओलांडणाऱ्याला जन्मदाखला विचारू नये, वाजवून दाखव म्हणावं. आता प्रश्न घेऊ या.