इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनी वाटाघाटी : एक चिकित्सा

भारताच्या परराष्ट्र धोरणाच्या अध्यापनात इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीचा उल्लेख बहुधा एकाच निष्कर्षासह येतो : अमेरिकेच्या दबावामुळे भारताने माघार घेतली. हा निष्कर्ष खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे आणि त्याच्या सोयीस्करपणामुळे वाटाघाटींतील मूळ प्रश्न नजरेआड राहिला आहे.

सुमारे २७०० किलोमीटर लांबीच्या या वाहिनीची कल्पना १९८९ सालची. २००४ मध्ये पेट्रोलियम मंत्री झालेल्या मणिशंकर अय्यर यांनी तिला राजनैतिक गती दिली. जुलै २००५ मध्ये भारत-अमेरिका अणुसहकार्याची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणच्या विरोधात मतदान केले आणि जानेवारी २००६ मध्ये हे खाते मुंबईच्या मुरली देवरा यांच्याकडे गेले. दबावाच्या उपपत्तीचा पुरावा प्रामुख्याने या सात महिन्यांतला आहे. मात्र बोलणी त्यानंतरही सुरू राहिली. एप्रिल २००८ मध्ये देवरा स्वतः चर्चेसाठी इस्लामाबादला गेले होते. दबाव हाच एकमेव निर्णायक घटक मानल्यास या पुढील दोन वर्षांचा उलगडा होत नाही.

तो कराराच्या अटींत शोधावा लागतो. तेलवाहू जहाज दुसऱ्या बंदराकडे वळविता येते. जमिनीत पुरलेली वाहिनी वळविता येत नाही. म्हणून वायूचा दर आणि पाकिस्तानला द्यावयाचे पारगमन शुल्क यांइतकाच वायूचा ताबा कोणत्या सीमेवर मिळणार, हा प्रश्न कळीचा होता. ताबा इराणच्या सीमेवर मिळाला तर पाकिस्तानातील प्रत्येक व्यत्ययाचा भुर्दंड भारतावर पडणार. म्हणून तो आपल्या सीमेवर मिळावा, असा भारताचा आग्रह होता. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या कलमात दोन शेजाऱ्यांमधील अविश्वासाची किंमत दडलेली होती.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नॅफ्थावर सुरू झाला; आयात द्रवरूप वायू पुढे यावयाचा होता. वीज घेतली वा न घेतली, तरी स्थिर आकार भरण्याचे बंधन राज्य वीज मंडळावर होते आणि दराची सांगड डॉलरशी होती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या कराराची परखड तपासणी केली. जोखीम कोणाच्या माथी, हे करारात ठरते. उद्घाटनाच्या भाषणांत नव्हे (भाषणे मात्र ग्रंथालयात सहज मिळतात).

जून २००५ मधील द्रवरूप वायूचा करारही येथे बोलका ठरतो. इराणने वर्षाला ५० लक्ष टन वायू जहाजांतून द्यावयाचा होता. मार्गात पाकिस्तान नव्हता. तेलाचे भाव चढताच इराणने ठरलेल्या दराला मान्यता नाकारली आणि व्यवहार रखडला.

याउलट तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत वाहिनीला अमेरिकेचा पाठिंबा होता. डिसेंबर २०१० मध्ये अश्गाबाद येथे आंतरसरकारी करार झाला, डिसेंबर २०१५ मध्ये पायाभरणीही झाली. या मार्गावर पारगमनाचे देश एकाऐवजी दोन आहेत आणि त्यातून भारतात अद्याप वायू आलेला नाही.