‘बिली इलियट’ : झेप आणि तिचे ऋण

स्टीफन डाल्ड्री यांचा ‘बिली इलियट’ (२०००) हा चित्रपट सामान्यतः कलेच्या ओढीने कुटुंबाची चौकट ओलांडणाऱ्या कामगार-पुत्राची कथा म्हणून वाचला जातो. या वाचनात १९८४-८५ चा ब्रिटिश खाणकामगारांचा संप केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतो. चित्रपटाची संरचना मात्र वेगळे सुचविते. बॅलेचा वर्ग मुष्टियुद्धाच्या सभागृहात येतो, कारण त्याच्या नेहमीच्या जागेत संपकऱ्यांचे अन्नछत्र चालू असते. डरहॅम परगण्यातील बिलीला नृत्य भेटते, ते संपामुळेच.

वडिलांचा विरोध पौरुषाच्या रूढ कल्पनेतून येतो. परंतु तो मावळताच त्यांच्यापुढे अधिक बिकट पेच उभा राहतो. मुलाच्या निवडचाचणीच्या खर्चासाठी ते संप मोडून कामावर निघतात आणि थोरला मुलगा टोनी त्यांना अडवितो. येथे द्वंद्व परंपरा आणि कला यांचे नसून पितृत्व आणि वर्गनिष्ठा यांचे आहे. पुढे रॉयल बॅले स्कूलमधील प्रवेशाची वार्ता सांगण्यास ते धावत जातात, तेव्हा संघटनेने माघार घेतल्याचे त्यांना कळते. एकाचे यश आणि समूहाचा पराभव एकाच क्षणी समोर येतात.

बिली लंडनला गेल्यावर वडील व टोनी खाणीच्या पिंजऱ्यातून भूगर्भात उतरतात. अखेरीस, मॅथ्यू बोर्न यांच्या पुरुष-हंसांच्या ‘स्वान लेक’मध्ये, बिली झेप घेतो. ते उतरणे विसरून या झेपेला निखळ व्यक्तिमुक्ती म्हणणे, म्हणजे तिच्यावरील समूहाचे ऋण नाकारणे होय.