‘केचित्’ आणि ‘तत्रैव’

आमच्या जिल्ह्यात मानपाडा दोन आहेत. एक ठाण्याचं, घोडबंदर रस्त्यावरचं. तिथे मी राहते. दुसरं डोंबिवलीचं, तिथून माझी एक विद्यार्थिनी प्रबंधाची प्रकरणं घेऊन येते. पहिलं प्रकरण तिनं कुरिअरनं पाठवलं होतं. पाकिटावर माझं नाव आणि खाली ‘मानपाडा, जि. ठाणे’ एवढंच. पाकीट चार दिवस तिच्याच गावात फिरलं आणि परत तिच्याच दारात गेलं. ठाण्याचा पिन 4006 नं सुरू होतो, डोंबिवलीचा 4212 नं. तेवढे आकडे असते तर माझ्यापर्यंत आलं असतं.

पाकिटात जे प्रकरण होतं, त्यातली सतरावी तळटीप अशी होती : ‘काणे, धर्मशास्त्राचा इतिहास, खंड 1.’ बस. मी तिला म्हटलं, ‘‘ही टीपसुद्धा तुझ्या पाकिटासारखीच आहे.’’ पहिला खंड 1930 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं काढला. पुढे त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती दोन भागांत आली, 1968 आणि 1975 मध्ये. पानं बदलली, मजकूर वाढला. कुठला पहिला खंड? त्यातलं कुठलं पान? मग आम्ही पुस्तकच काढलं आणि अपरार्कावरचा भाग सोबत वाचायला बसलो. ते वाचन मला इथे मांडायचं आहे, कारण तळटीप किती सुंदर असू शकते हे मला तिथे दर वेळी नव्यानं दिसतं.

पान आधी नुसतं पाहावं. वर मोठ्या टाइपात इंग्रजी विवेचन, खाली बारीक टाइपात टिपा आणि त्या टिपांत देवनागरीतलं मूळ संस्कृत. कितीतरी पानांवर टिपा चढत चढत अर्ध्या पानाच्या वर येतात. डोळा वरून खाली उतरतो, मूळ वचन वाचतो, परत वर जातो आणि काण्यांनी लावलेला अर्थ त्या वचनातून खरंच निघतो का, हे स्वतः तपासतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. कागद दाखल केल्याशिवाय बोलायचं नाही, ही कोर्टाची शिस्त त्यांनी पानाच्या तळाशी आणून ठेवली. वाचकाला संस्कृत येत असेल तर तो तिथल्या तिथे त्यांच्याशी भांडू शकतो. भांडणाचं साहित्य त्यांनीच पुरवलेलं असतं. लेखकानं वाचकावर टाकलेला एवढा मोठा विश्वास मी फार थोड्या ग्रंथांत पाहिला आहे.

आता अपरार्क. याज्ञवल्क्य स्मृतीवर त्याची प्रचंड टीका आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानं ती 1903-04 मध्ये दोन भागांत छापली. अर्क म्हणजे सूर्य, आदित्य म्हणजेही सूर्य. अपरार्क म्हणजे अपरादित्य. ग्रंथाच्या पुष्पिकेत तो स्वतःला विद्याधर वंशातल्या जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेला शिलाहार राजा म्हणवतो. म्हणजे हा टीकाकार आपला, उत्तर कोकणचा. ज्या राजघराण्याचं स्थानक म्हणजे आजचं ठाणं, त्यातला. माझ्या खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात आणि पलीकडे येऊरचा डोंगर. हा सगळा मुलूख एकेकाळी या टीकाकाराच्या राज्यात होता, हे मला त्या बारीक टाइपातून कळलं.

पण अडचण अशी की शिलाहारांत अपरादित्यही दोन झाले. दोन मानपाड्यांसारखेच. पहिल्याचं नाव शके 1049 च्या, म्हणजे 1127 च्या, ताम्रपटात सापडतं. दुसरा त्याच शतकाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांतला. ग्रंथ कुणाचा? उत्तर कोकणात नव्हे, काश्मीरमध्ये मिळतं. मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्याच्या पंचविसाव्या सर्गात पंडितांची एक सभा आहे. कवीचा भाऊ अलंकार याच्या घरी ती भरली आहे आणि तिथे कोकणच्या अपरादित्य राजाचा दूत तेजकंठ हजर आहे. काश्मीरचा राजा तेव्हा जयसिंह, 1128 ते 1155. दूत पाठवणारा अपरादित्य म्हणून पहिलाच ठरतो आणि अपरार्काचा ग्रंथ काश्मिरात प्रमाण का मानला गेला, याचाही धागा हाती लागतो. एक ताम्रपट, एका ग्रंथाची पुष्पिका, एका काव्याचा सर्ग : तीन निरनिराळ्या ठिकाणचे तीन पत्ते जुळले तेव्हा एका माणसाचं शतक ठरलं. माझी विद्यार्थिनी हे वाचताना मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, यातला एक जरी पत्ता चुकीचा असता तर?’’ तिचा सगळा प्रबंध या एका प्रश्नापुढे मला लहान वाटला.

या भागाचा खरा रस पुढे आहे. अपरार्क वचनं उद्धृत करतो तेव्हा हात आखडत नाही. पुराणांतली पानंच्या पानं तो उतरवून घेतो आणि कुठल्या पुराणातलं, कुठल्या स्मृतिकाराचं, ते सांगतो. ज्या स्मृती आज पूर्ण मिळत नाहीत, त्यांची कितीतरी वचनं असल्या उताऱ्यांतून आपल्याला मिळतात. त्यानं नाव घेतलं म्हणून ती वाचली. पण समकालीनांची गोष्ट आली की जुन्या टीकाकारांची रीत निराळी असे : ‘केचित्’, ‘अन्ये’. कुणी म्हणतात, दुसरे म्हणतात. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ त्याच स्मृतीवरची, थोडी आधीची, सगळ्या देशात गाजलेली. आणि अपरार्क तिचं नाव घेत नाही. त्याला ती ठाऊक होती का? काण्यांना दोन्ही टीका शेजारी ठेवून, एकेका मुद्द्यावर कोण काय म्हणतो हे ताडून पाहावं लागलं. बाराव्या शतकात एक नाव लिहायचं राहिलं, त्याची भरपाई विसाव्या शतकातल्या माणसानं डोळे शिणवून केली. मला हा भाग वाचताना अपरार्काचा राग येत नाही. त्याच्या काळी सभेतल्या सगळ्यांना ‘केचित्’ म्हणजे कोण हे माहीत असणार. सभा उठली, माणसं गेली, आणि फक्त ‘कुणी’ उरला.

विज्ञानेश्वरावरून माझी एक चूक सांगते. तरुणपणी एका छोट्या वार्षिकात मी लिहिलं होतं की मिताक्षराकार आपल्या कल्याणचा. कुणाकडून तरी ऐकलेलं; आधार दिला नव्हता, कारण नव्हताच. महिन्याभरात एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच ओळ : आधार कोणता? शोधायला बसले तेव्हा कळलं, विज्ञानेश्वराचं कल्याण म्हणजे चालुक्य विक्रमादित्याची राजधानी, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपलं खाडीकाठचं नव्हे. ते कार्ड मी अजून काण्यांच्या पहिल्या खंडात खूण म्हणून ठेवते.

विद्यापीठांना आज ठरावीक मांडणी हवी असते. कुणी एमएलए मागतं, कुणी शिकागो. आडनाव आधी, स्वल्पविराम कुठे, साल कंसात की बाहेर. मराठी नावांची त्यात ओढाताण होते : ‘पां. वा. काणे’ म्हणून ज्यांना सगळे ओळखतात त्यांना ‘काणे, पांडुरंग वामन’ व्हावं लागतं, आणि कुसुमाग्रजांना शिरवाडकरांमध्ये शोधायचं की ‘कु’मध्ये, यावर मार्गदर्शकांचं एकमत होत नाही. होईल तसं होवो. एक पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत पाळावी. जुळणी तपासणारं सॉफ्टवेअर किती टक्के दाखवतं याची मुलांना धास्ती असते. पण उसनं घेतलेलं मत स्वतःच्या शब्दांत लिहून मालकाचं नाव गाळलं, तर ते यंत्राला सहसा दिसतही नाही. पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला दिसतं.

त्या दिवशी शेवटी आम्ही तिच्या टिपा एकेक करून पाहिल्या. अठराव्या टिपेत ‘तत्रैव’ होतं. फार गोड शब्द आहे हा : तिथेच. वाचकाला नुकतं जिथे नेलं तिथेच त्याला आणखी थोडा वेळ बसवून ठेवणारा. पण सतराव्या आणि अठराव्याच्या मध्ये तिनं आदल्या रात्री मिराशींच्या शिलाहार लेखसंग्रहाची नवी टीप घातली होती. संगणकानं आकडे आपोआप पुढे सरकवले. अठरावी एकोणिसावी झाली. ‘तत्रैव’ मात्र होतं तिथेच राहिलं आणि काण्यांचं मत मिराशींच्या नावावर गेलं.

तिनं तो शब्द खोडला. पहिला खंड परत उघडून सालाचं पान पाहिलं, आवृत्ती लिहिली, पानाचा आकडा लिहिला, बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिला. मग वहीच्या पहिल्या पानावर माझा पत्ता लिहून घेतला : मानपाडा, घोडबंदर रस्ता, ठाणे (प.), आणि पुढे पिन, सहाही आकडे.