ललिता पवार यांचा चरित्र अभिनय : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
छळवादी सासूला ‘ललिता पवार’ म्हणण्याची रीत मराठी घरांत रूढ आहे. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा कलावंताचा गौरव असला, तरी त्यामुळे कारकिर्दीचे आकलन एकांगी होते. येवला येथे १९१६ मध्ये जन्मलेल्या ललिता पवार यांनी मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत अभिनय केला. प्रस्तुत लेखात त्यांच्या १९५० च्या दशकातील चरित्र भूमिकांचा विचार केला आहे.

अपघात आणि प्रतिमा :
१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकापद संपले व अधू डोळ्यामुळे खलभूमिका वाट्याला आल्या, अशी मीमांसा सर्वत्र केली जाते. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. तीत अभिनेत्रीच्या कर्तृत्वाचे श्रेय एका दुर्घटनेकडे जाते.

भूमिकांची तुलना :
व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासूने त्यांची कठोर प्रतिमा दृढ केली. तथापि १९५५ मध्ये गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या भाचीच्या संसारात ढवळाढवळ करणारी श्रीमंत, करारी सीतादेवी झाल्या, तर त्याच वर्षी राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ मध्ये परक्या तरुणावर माया करणारी गरीब केळीवाली झाल्या. १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्यांनी स्पृश्यास्पृश्यता पाळणारी वृद्धा रंगविली, हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’तील घरमालकीण मिसेस डिसा मात्र तोंडाने भाडेकरूला रागावते आणि मनाने त्याची आई होते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

चारही चित्रपटांत चेहरा एकच आहे, डोळाही तोच आहे. ‘सुजाता’त जी बारीक नजर तिरस्काराची वाटते, तीच ‘अनाडी’त लटक्या रागाची वाटते. हा फरक आवाजाच्या चढउतारातून, हातवाऱ्यांतून आणि शब्दांमधील विरामांतून निर्माण होतो. व्यंग हे येथे कारण नसून अभिनयाचे साधन ठरते.

निष्कर्ष :
१९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरेने त्यांचा चेहरा यवतमाळसारख्या जिल्ह्यातील घराघरांत पोहोचविला. २०२० मधील पुनःप्रसारणाने तो नव्या पिढीलाही दाखविला. या पिढीच्या वाट्याला केवळ मंथराच आली, तर मिसेस डिसा विस्मृतीत जाईल. तिशीच्या आतबाहेरच्या अभिनेत्रीला प्रौढ भूमिकांकडे वळविणारी चित्रपटसृष्टीची सौंदर्यकल्पना तपासण्याऐवजी समीक्षेने थपडेची कथाच पुनःपुन्हा सांगितली. संगीत नाटक अकादमीने १९६१ मध्ये ज्या अभिनयाचा सन्मान केला, त्याचे मोजमाप अपघाताने नव्हे, तर भूमिकांच्या आधारेच व्हावयास हवे.