पहिला खेळ आणि यंत्राचे यश

दूरचित्रवाणीला जोडावयाच्या खेळयंत्रास परभणीकडील बोलण्यात ‘व्हिडिओ गेम’ असेच म्हटले जाते. यंत्र आणि खेळ यांस एकच संज्ञा. हा प्रयोग शिथिल असला तरी मार्मिक आहे, कारण यंत्राचे प्रयोजन प्रथम खेळच प्रकट करतो. २००६ साली निंटेंडोच्या ‘वी’ यंत्रासह जपानबाहेर बहुतेक देशांत ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ देण्यात आला. हात फिरविताच पडद्यावर चेंडू टोलविला जाई. निराळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नसे. पुढे ही यंत्रे दहा कोटींहून अधिक खपली. तथापि हेच एकमेव कारण मानणे सयुक्तिक नव्हे. २००० सालच्या ‘प्लेस्टेशन २’चे आरंभीचे खेळ सामान्यच होते, परंतु ते यंत्र डीव्हीडी दाखवी, पूर्वीचे खेळही चालवी. सारांश, बोलीतील ती संज्ञा अर्धेच सत्य सांगते.