बोमाँटचा जठररसविषयक ग्रंथ : एक मूल्यमापन

पचनक्रियेच्या आधुनिक अभ्यासाचा इतिहास लिहिताना विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी शल्यवैद्याचा ग्रंथ वगळता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्ग येथे १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या शीर्षकातच दोन विषय एकत्र आले आहेत : जठररसावरील प्रयोग व निरीक्षणे हा एक, आणि पचनाचे शरीरक्रियाविज्ञान हा दुसरा. हे दोन विषय ग्रंथकर्त्याला जवळजवळ एकच वाटत होते. वस्तुतः ते एक नाहीत. ग्रंथाचे चिरस्थायी यश पहिल्या विषयात आहे, आणि त्याचे बहुतेक दोष पहिल्यालाच दुसरा मानण्यातून उद्भवले आहेत.

ग्रंथाला कारण झालेली घटना सर्वश्रुत आहे. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॉ बेटावरील अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात बंदूक अकस्मात उडून ॲलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनेडियन तरुण नावाडी जखमी झाला. बोमाँटच्या शुश्रूषेने तो वाचला. परंतु डाव्या कुशीत जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. जिवंत माणसाचे जठर कार्य करीत असताना डोळ्यांनी पाहण्याची संधी अशा रीतीने प्राप्त झाली. तत्पूर्वी रेओम्यूरने घारीला धातूच्या नळ्या गिळावयास लावून आणि स्पालान्झानीने स्वतः अन्नाच्या पुरचुंड्या गिळून जठररसाची विद्राव्यशक्ती दाखविली होती, आणि प्राउटने १८२४ मध्ये त्या रसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे प्रसिद्ध केले होते. तेव्हा बोमाँटचे श्रेय आद्य शोधाचे नव्हे. एकाच विषयाकडे वर्षानुवर्षे, नाना परिस्थितींत, सातत्याने पाहण्याचे ते श्रेय आहे.

या पाहण्याचा दर्जा पहिल्याच प्रयोगात प्रकट होतो. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता त्याने मांसाचे निरनिराळे प्रकार, शिळा पाव व कच्ची कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून छिद्रातून जठरात सोडले आणि तासातासाने बाहेर काढून तपासले. एक वाजता कोबी व पाव निम्मे विरघळले होते, मांस मात्र जसेच्या तसे होते. त्याच महिन्यात त्याने जठररस कुपीत घेऊन, सुमारे १०० अंश फॅरनहाइट तापमान राखून, त्यात मांसाचा तुकडा ठेवला. मांस तेथेही विरघळले, केवळ अधिक वेळ लागला. पुढील प्रयोगांत गारठ्यात ठेवलेला रस निष्क्रिय राहिला आणि ऊब मिळताच कार्यप्रवृत्त झाला. पचन म्हणजे कुजणे, दळणे अथवा शिजणे होय, या जुन्या कल्पनांना या साध्या मांडणीने मूठमाती मिळाली. आपल्याकडील ‘जठराग्नी’ या शब्दाच्या संदर्भातही हा भेद उद्बोधक आहे. उष्णता ही येथे क्रियेची अट आहे. क्रिया करणारे द्रव्य निराळे आहे.

ते द्रव्य कोणते, या प्रश्नावर बोमाँटने दाखविलेला संयम विशेष प्रशंसनीय आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातील डंग्लिसन व येल येथील सिलिमन यांच्याकडून त्याने रसाचे पृथक्करण करविले. आम्ल सापडले, पण केवळ आम्लांच्या मिश्रणाला मूळ रसाची सर येत नाही हे पाहून, इंद्रियांना व रासायनिक कसोट्यांना न गवसणारे आणखी काही तत्त्व त्यात असावे, असे त्याने नोंदविले. त्याला नाव देण्याचा मोह त्याने टाळला. अवघ्या तीन वर्षांनी, १८३६ मध्ये, श्वानने त्या तत्त्वाला पेप्सिन हे नाव दिले. पुढे ते प्रथिनांचे विघटन करणारे विकर ठरले, आणि १९३० मध्ये नॉर्थ्रपने ते स्फटिकरूपात मिळविले. ज्या ठिकाणी बोमाँटने जागा रिकामी सोडली, ती जागा विज्ञानाने पुढे भरून काढली.

जेथे त्याने जागा रिकामी सोडली नाही, तेथे चित्र पालटते. ग्रंथाच्या अखेरीस ५१ निष्कर्ष क्रमवार दिले आहेत. त्यांत लाळेला विद्राव्यशक्ती नाही असे म्हटले आहे, आणि कोणत्याही अन्नातून मिळणारे अंतिम पोषकतत्त्व एकच असते असेही प्रतिपादन आहे. वास्तविक लाळ पिष्टावर क्रिया करते, हे लॉइक्सने १८३१ मध्येच दाखविले होते. पेयां व पेर्सो यांनी माल्टमधून डायास्टेज वेगळे केले ते ग्रंथप्रकाशनाच्याच वर्षी. आणि प्राउटने १८२७ मध्ये अन्नाचे शर्करामय, स्निग्ध व अल्ब्युमिनयुक्त असे तीन वर्ग मांडले होते. एका रसाने सर्व अन्न विरघळताना दिसले, म्हणून अन्नही एक आणि पाचकही एक, असे बोमाँटने गृहीत धरले.

याच गृहीताचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे निरनिराळ्या पदार्थांच्या पचनकालाचा तक्ता. त्यात शिजवलेल्या भाताला १ तास, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाला ५ तास १५ मिनिटे लागतात असे दिले आहे. हे आकडे जठर रिते होण्याचे आहेत, पचनाचे नव्हेत. भात जठरातून लवकर निघून जातो, परंतु त्यातील पिष्टाचे बहुतांश विघटन पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने होते. एका माणसाच्या एका अवयवावरून घेतलेले माप ‘पचनाला हलके’ व ‘पचनाला जड’ अशा सर्वसामान्य निवाड्यासाठी वापरले जावे, याला तक्त्याचे ‘पचन’ हे शीर्षकच कारणीभूत आहे.

रसस्रावाच्या कारणाबद्दलही हेच घडले. अन्नाचा अथवा अन्य पदार्थाचा अंतस्त्वचेला होणारा स्पर्श रस पाझरवितो, असा बोमाँटचा सिद्धांत होता. क्रोधाने जठराची स्थिती पालटते हे त्याने स्वतः टिपले होते. तरीही मन व मज्जासंस्था यांना रसस्रावाच्या कारणांत त्याने स्थान दिले नाही. ते स्थान पावलॉव्हच्या श्वानांवरील प्रयोगांनी मिळवून दिले. जठराबाहेरचे शरीर बोमाँटच्या दृष्टिक्षेपात आले, परंतु सिद्धांतात आले नाही.

जठराबाहेरच्या माणसाची गतही निराळी नाही. कौंटीने पोषणाचा भार नाकारल्यावर बोमाँटने सेंट मार्टिनला आपल्या घरी ठेवले, हे न्यायतः सांगितले पाहिजे. परंतु १८३२ च्या करारान्वये वर्षाला १५० डॉलर, अन्न, वस्त्र व निवारा यांच्या मोबदल्यात त्या माणसाने आपले शरीर प्रयोगांसाठी उपलब्ध करून दिले, हेही तितकेच खरे आहे. पहिल्याच प्रयोगानंतर त्याला अस्वस्थता व डोकेदुखी जडली; तेव्हा बोमाँटने कॅलोमेलच्या गोळ्या त्याच छिद्रातून आत सोडल्या आणि तीही नोंद केली. पीडा येथे निरीक्षणाचा एक तपशील होते. सेंट मार्टिन वेळोवेळी कॅनडाला निघून गेला; ग्रंथाच्या दृष्टीने हे प्रयोगांतील खंड आहेत, त्याच्या दृष्टीने ते काय होते हे ग्रंथ विचारीत नाही. तो १८८० मध्ये निधन पावला. जठर मिळविण्याची वैद्यांची इच्छा त्याच्या कुटुंबीयांनी साफ नाकारली आणि देह खोल पुरला. ग्रंथात त्याच्या बाजूने जे म्हटले गेले नाही, ते या कृतीने म्हटले गेले.

या ग्रंथाचे अध्ययन बहुधा ५१ निष्कर्षांच्या सारांशावरून केले जाते. हा क्रम उलटा करणे इष्ट होय. निष्कर्ष हा ग्रंथाचा जुना झालेला भाग आहे. तारीख, वेळ, तापमान व रुग्णाची तक्रार यांसह लिहिलेली दैनंदिनी आजही अभ्यसनीय आहे. ती वाचणाऱ्याला ग्रंथकर्त्याच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा त्याच्याच हस्ते नोंदलेला आढळतो, आणि ज्याच्या कुशीतून हा पुरावा मिळाला तो माणूसही तेथेच आढळतो.